तासाभराचं माहेर

भाचीचं लग्न मार्गशीर्षातल्या एका रविवारी मालवणजवळच्या आमच्या गावात झालं. पाचव्या दिवशी, गुरुवारी, ती नवऱ्यासह ज्या विमानाने माहेरी येणार होती, ते विमान बुधवारी सकाळी रद्द झालं.

सासरचं शहर घाटावरचं आहे. त्याचं नाव इथे देत नाही. विमानकंपनीचंही देत नाही, कारण कंपनीने कारण दिलेलं नाही. जिल्ह्याचा विमानतळ एकच असल्यामुळे त्याचं नाव देण्याची गरज नाही.

या दोन विमानतळांमधलं अंतर सरळ रेषेत सुमारे तीनशे दहा किलोमीटर आहे. उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटं. हे आकडे मीच तपासले होते. लग्न ठरण्याआधी बहिणीने मला फोन केला होता. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो, त्यामुळे घरात कोणालाही कुठल्याही आकड्याची शंका आली की तो माझ्याकडे येतो.

"दादा, माका एकच सांग," ती म्हणाली. "सकाळी थंयसून निघालेला चेडू पेजेक हय पोचात काय नाय?"

पेज म्हणजे दुपारची पेज. बहिणीच्या घरी ती बाराच्या सुमाराला ताटात येते. बहिणीचं मोजमाप किलोमीटरचं नाही. मुलगी सकाळी निघाली आणि पेजेला घरी आली तर ते जवळ, नाही आली तर लांब. मुंबई लांब, कोल्हापूर कसंबसं जवळ, वेंगुर्ले म्हणजे शेजारचं घर.

या मोजमापाला कारण होतं. आमची थोरली बहीण घाटावर दिली होती. आई गेली तेव्हा तिला निरोप पोचायला एक दिवस लागला आणि तिला पोचायला दीड. ती आली तेव्हा चितेची जागाही थंड झाली होती. धाकटीने तेव्हापासून ठरवलं होतं की आपल्याला मुलगी झाली तर ती घाटावर द्यायची नाही. तिला एकच मुलगी झाली. त्या मुलीने कोल्हापुरात शिकताना घाटावरचाच मुलगा पसंत केला.

मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. स्वभावाने शांत, पगार वेळेवर, आईवडील समजूतदार. हरकत घेण्यासारखं त्याच्यात काही सापडेना, म्हणून बहिणीने त्याच्या गावावर हरकत घेतली. बसने बारा तास. हे बारा तास सहा महिने लग्नाच्या आड उभे होते. मग दोन विमानतळांमध्ये आठवड्यातून तीन दिवसांची सेवा सुरू झाल्याची बातमी आली. भाचीने आईला वेळापत्रक दाखवलं आणि मला वेगळा फोन केला.

"मामा, तू फक्त उडण्याचो टायम सांग. बाकीचा मी बघतंय."

मी बहिणीला बाकीचंही सांगितलं. तीनशे दहा हे सरळ रेषेतलं अंतर आहे, एक तास पाच मिनिटांत विमानतळावर आधी जाऊन बसण्याचा वेळ धरलेला नाही, सेवा रोजची नाही, आणि नवीन मार्ग कधीकधी बंदही होतात. हे सगळं बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं. नंतर तिने गावात सगळीकडे जे सांगितलं त्यात फक्त 'एक तास' होता. पाच मिनिटंही गळली. बातमी छापून आल्यावर काय होतं याची मला सवय आहे.

भावोजींना मात्र शंका होती. ते होडीचे मालक आहेत, माझ्या बहिणीच्या सवयीने मला दादाच म्हणतात.

"दादानू, तीनशे धा म्हंजे रस्त्यान?"

"नाही, सरळ. हवेतून."

"सरळ जातंत होय? मगे वाऱ्याक इचारलात?"

"तुमी गप रवा," बहीण म्हणाली. "तुमची होडी वाऱ्यार चलता. विमानाक इंजिन आसा."

"होडीकय इंजिन आसा," भावोजी म्हणाले. "तरी मी दर्याक नारळ दितंय."

बहिणीने हिशेब पक्का केला. सासरहून साडेनवाला उडालेलं विमान साडेदहाच्या पुढेमागे आपल्या जिल्ह्यात उतरतं. तिथून खाडीवरच्या पुलावरून घर पाऊण तास. मुलगी साडेअकरा-पावणेबाराला दारात. पेज बाराला. एवढं गणित जुळल्यावर तिने होकार दिला. एका लग्नाला दोन्हीकडच्या आईवडिलांची, मुलामुलीची आणि एका विमानकंपनीची संमती लागते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

यानंतर मुहूर्ताचा प्रश्न आला. आमच्याकडे लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरा-नवरी मुलीच्या माहेरी येतात, जेवतात आणि परत जातात. याला पाचपरतावण म्हणतात. ते झाल्याशिवाय लग्न पुरं झालं असं बायका मानत नाहीत. विमान मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. तेव्हा पाचवा दिवस या तिन्हींपैकी एक असायला हवा. बहीण हे घेऊन भटजींकडे गेली. मी सोबत होतो.

भटजींनी तीन मुहूर्त काढून ठेवले होते. पहिला बुधवारचा.

"बुधवारचो नको," बहीण म्हणाली. "पाचवो दिवस आयतवार येता. आयतवारी नाय."

"रविवारी काय अडचण आहे?" भटजींनी विचारलं.

"विमान नाय."

भटजींनी चष्मा काढला. "हे कुठलं पंचांग?"

"कंपनीचा."

"आमचं पंचांग वर्षभर आधी छापून येतं, बाई. ग्रह वक्री होतात तेही छापून होतात. तुमच्या कंपनीचं किती आधी येतं?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हंगामापुरतं."

"म्हणजे ग्रहांपेक्षा चंचल," भटजी म्हणाले, आणि दुसरा मुहूर्त वाचला. तो शुक्रवारचा होता, पाचवा दिवस मंगळवार. पण त्या मंगळवारी जावयाला रजा नव्हती. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होता आणि उसाला पाचपरतावण माहीत नसतं. तिसरा मुहूर्त रविवारचा, सकाळी अकरा बेचाळीस. पाचवा दिवस गुरुवार. भटजींच्या मते तिन्हींत हाच सगळ्यात कमी बळाचा होता. बहिणीच्या मते तो सगळ्यात चांगला होता, कारण त्याला विमान होतं. रविवार ठरला.

लग्न चांगलं झालं. वऱ्हाडाने बारा तासांचा प्रवास दोन बसमधून केला आणि तक्रार केली नाही. रविवारी संध्याकाळी मुलगी त्याच बसमधून गेली. बहीण रडली, पण बेताने. शेजारणीने तिला जवळ घेतलं तेव्हा ती म्हणाली, "रडाक काय झाला? गुरवारी पेजेक येतला."

जावयाला दोन दिवसांची रजा मिळाली होती, गुरुवार आणि शुक्रवार. शनिवार त्याच्या सुट्टीचा. शनिवारच्या विमानाने परत. तिकिटं महिनाभर आधी काढलेली होती.

बुधवारी सकाळी जावयाच्या फोनवर निरोप आला की परिचालनविषयक कारणांमुळे उद्याचं उड्डाण रद्द करण्यात आलं आहे. प्रवाशांना शनिवारच्या विमानात जागा देता येईल किंवा पैसे परत मिळतील. 'परिचालनविषयक' हा शब्द मी डेस्कवर पुष्कळ वर्षं तसाच पुढे सोडलेला आहे. त्याचा अर्थ असा की विमान चालवणाऱ्यांना विमान चालवता येत नाही.

मी कंपनीच्या ग्राहक केंद्राला फोन लावला. फोनवरची मुलगी अतिशय नम्र होती.

"गैरसोयीबद्दल खेद आहे, सर."

"कारण काय?"

"परिचालन, सर."

"शनिवारचं विमान नक्की आहे?"

"वेळापत्रकात आहे, सर."

"उड्डाणाला किती वेळ लागतो?"

"एक तास पाच मिनिटं, सर."

"उडालं तर."

"हो, सर," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती नारळ खवत होती. खवणं थांबलं नाही. तिने विचारलं, "शनवार कितवो दिवस?"

"सातवा."

"सातपरतावण खंय आयकलंस?"

भावोजी ओटीवर जाळं शिवत होते. ते वर न बघता म्हणाले, "इंजिन बिघडला असतला."

"तुमी गप रवा," बहीण म्हणाली, पण या वेळी त्या वाक्यात जोर नव्हता.

तिच्यासमोर प्रश्न फक्त विधीचा नव्हता. पाचव्या दिवशी मुलगी आली नाही, तर ती कधीही वेळेवर येणार नाही असं तिने मनाशी धरलं होतं. तसं ती बोलली नाही. ती म्हणाली, "थोरलीक तरी बस होती." मग हात धुऊन तिने साडी बदलली आणि देवळात कौल लावायला निघाली.

कौल म्हणजे देवाची परवानगी. मूर्तीला फुलांचे ओले कळे चिकटवतात, मानकरी गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. आमच्या गावात विहीर खणण्यापासून मुलाला परदेशी पाठवण्यापर्यंत सगळं या मार्गाने जातं. खेद व्यक्त करण्याची पद्धत इथे नाही.

मानकरी वयस्क आहेत, आवाज अजून खणखणीत. त्यांनी आधी बहिणीकडून हकिकत समजून घेतली. विमान काय म्हणून येत नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी 'परिचालनविषयक' असं सांगितलं. त्यांनी तो शब्द गाऱ्हाण्यात घ्यायचं टाळलं.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातला आसा. तिच्या चेडवाचा पाचपरतावण उद्या आसा. ज्या विमानान ता येवचा होता, ता विमान येणा नाय म्हणतंत. कारण तुकाच ठावक, कंपनी सांगणा नाय. तर ह्यो दिवस शनवारार ढकलूक तुझी परवानगी आसा काय, ता उजव्या कळ्यान सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही चौघेपाचजण म्हणालो.

वाट पाहिली. गाभाऱ्यात समईचा तेवढा उजेड. काही मिनिटांनी डावा कळा पडला.

बहीण तशीच उभी राहिली. मानकऱ्यांनी पडलेला कळा उचलून बाजूला ठेवला आणि ते तिच्याकडे वळले.

"गो, तू देवाक काय इचारलंस?"

"तुमीच इचारलात."

"तू सांगलंस ता मी इचारलंय. दिवस इचारलंस. दिवस देवाचो, तो कसो सोडतलो? जागा इचारूक नाय तू."

"जागा म्हंजे?"

"चेडू येवक शकता खंयपर्यंत?"

या प्रश्नाचं उत्तर देवळाच्या पायरीवरून फोनने मिळवण्यात आलं. भाचीने आणि जावयाने बसची चौकशी आधीच केली होती. बुधवारी दुपारी निघाले तर रात्री कोल्हापूर. तिथे जावयाच्या मित्राकडे मुक्काम. गुरुवारी सकाळची पहिली बस घाट उतरून वैभववाडीला अकराच्या सुमाराला. तिथून पुढे आमच्या गावापर्यंत आणखी अडीच-तीन तास, म्हणजे पेज टळली. शिवाय रजा. विमान रद्द झाल्यावर जावयाने साहेबांकडून ती मागे सरकवून बुधवार-गुरुवार करून घेतली होती. शुक्रवारी त्याला कामावर असणं भाग होतं. गावात येऊन परत जायला वेळच उरत नव्हता.

"वैभववाडी," बहीण मानकऱ्यांना म्हणाली. "थंय ह्येंची मावसबहीण आसा. स्टँडाच्या मागेच घर."

दुसरं गाऱ्हाणं पहिल्यापेक्षा लहान होतं. दिवस तोच ठेवून जागा वैभववाडी करायची, घरातल्या माणसांनी तिकडे जायचं, चालेल का. उजवा कळा लगेच पडला. प्रश्न नीट विचारला तर उत्तर नीट मिळतं, हे आम्ही नव्या मुलांना डेस्कवर शिकवतो. त्यासाठी मानकऱ्यांकडे पाठवण्याची पद्धत अजून सुरू झालेली नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही शेजाऱ्याच्या गाडीतून निघालो. मागे तीन डबे, घावण्यांची टोपली आणि पाण्याचा एक कॅन. कॅन कशाला, असं मी विचारलं.

"पायार घालूक," बहीण म्हणाली. "जागा बदलल्यान देवान. पाणी घरचाच व्हया."

जेवण काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि खीर. मार्गशीर्षातला गुरुवार असल्यामुळे मासे नव्हते. जावयाला घरी येऊन मासे मिळत नाहीत आणि मासे देणाऱ्याला जावई घरी मिळत नाही, असं भावोजी कणकवली येईपर्यंत मधूनमधून म्हणत होते. जिल्ह्याला आता विमान आहे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही खड्ड्यांमुळे त्यांच्याशी सहमत होत मान हलवत होतो.

बस अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. भाची उतरली तेव्हा तिच्या केसांतला गजरा सुकून तपकिरी झाला होता आणि जावई झोपेतून पुरता उठला नव्हता. भावोजींच्या मावसबहिणीच्या दारात बहिणीने कॅनमधलं पाणी दोघांच्या पायांवर घातलं, भाताचा मुटका ओवाळून टाकला. ताटं मांडली तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. बहिणीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि जावयाच्या ताटात पहिला घावणा वाढला.

जेवताना जावयाने मला विचारलं, "मामा, इथून तुमचं घर किती लांब?"

"अडीच-तीन तास."

"हवेतून?"

भाचीने त्याला कोपर मारलं. भावोजी मोठ्याने हसले. त्या क्षणापासून त्यांना जावई आवडायला लागला, असं माझं निरीक्षण आहे.

नंतर मायलेकी मागच्या पडवीत बसल्या. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा बहीण विचारत होती, "थंय कसा आसा गो?"

"बरा आसा."

"बरा म्हंजे?"

"सासू चांगली आसा. पाणी एक दिवसाआड येता. भाकरी माका जमणा नाय अजून, हसतंत." मग तीच म्हणाली, "माझी खोली गच्चीच्या बाजूक आसा. थंय काय दिसता सांगू? ऊस. आणि मगे ऊस."

बहीण हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली असावी, माझ्यासमोर तरी.

कोल्हापूरची परतीची बस तीनला होती. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. भाची आणि जावई चढले, खिडकीजवळ बसले. भाचीने हात बाहेर काढला. बहिणीने तो धरला नाही. ती मागच्या दाराने चढली आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसली. हातात पिशवी होती. ती सकाळपासून तिच्याजवळ होती आणि आम्ही सगळे ती डब्यांची समजलो होतो.

भावोजी खिडकीखाली गेले. "खंय गो चललंस?"

"चेडवाचा घर बघूक."

"गो, नातवंड होयसर आवस थंय जाणा नाय. रीत आसा. थंय पाणीय पिवचा नाय. मगे तू रवतलंस काय खावन?" आमच्याकडे नातवंड होईपर्यंत आई मुलीच्या सासरी पाणीही पीत नाही, ती ही रीत.

"देवाक इचारलंय मी. दिवस बदलू नको सांगल्यान. जागा बदल सांगल्यान."

"ता पाचपरतावणाचा."

"पाचपरतावण अजून संपाक नाय. आज गुरवार आसा."

भावोजींनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. देवाने दिलेला कौल आणि बहिणीने लावलेला अर्थ यात मला तांत्रिक चूक सापडली नाही.

"आणि माझा जेवाण?" भावोजींनी विचारलं.

"उसळ डब्यात आसा. गरम करून खावा."

भाची वळून मागे बघत होती. "आई, खराच येतंस?"

"तू येवक शकना नाय तर मी येतंय. रस्तो तरी बगून ठेवतंय." मग तिने जावयाला विचारलं, "तुमच्याकडे चालतलां मा?" आणि त्याला मालवणी समजली नसेल असं वाटून शुद्ध मराठीत पुन्हा म्हणाली, "तुमच्या आईंना चालेल ना?"

जावयाने तिथूनच घरी फोन लावला. बसचं इंजिन सुरू झालं होतं, त्यामुळे त्याची आई मोठ्याने बोलत होती आणि आम्हालाही ऐकू आलं. "अरे, विचारतोस काय? येऊ देत की. भाकरी टाकायला सांगते."

कंडक्टरने घंटी वाजवली. पिशवीत दोन साड्या होत्या, हे मला नंतर मावसबहिणीने सांगितलं. सकाळी डबे काढताना तिने पाहिल्या होत्या.

आम्ही दोघे गाडीने परत आलो. भावोजींनी उसळ गरम केली नाही, तशीच खाल्ली. शुक्रवारी सकाळी सात वाजता भाचीचा मेसेज आला. त्यात दोन वाक्यं होती. पोचलो. आई जेवली.